सल्ला हवा: देवळाली कॅम्पजवळ भाड्याने द्यायला पहिला फ्लॅट

डोंबिवलीकर: सासुरवाडी नाशिकरोडची. स्कूल ऑफ आर्टिलरीमुळे (लष्कराची तोफखाना शाळा) फौजी भाडेकरू मिळतात असं ऐकून वन बीएचके बघतोय. भगूर, विहितगाव की लॅम रोड? सगळं धरून ३० लाख, वर एक पैसा नाही.

गोदाकाठ: गंगापूर रोडला टू बीएचके घ्या. मी ५८ लाखांत घेतला, डोळे झाकून.

डोंबिवलीकर: ३० लाख हो.

गोदाकाठ: कर्ज काढा, भाड्यातून हप्ता निघतो.

हिशेबी: ४० लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाला महिना ३४ हजारांच्या आसपास हप्ता. तुम्हाला भाडं किती येतं ते सांगा आधी.

तोफखाना_निवृत्त: ज्याला क्वार्टर मिळत नाही तोच एचआरए (घरभाडं भत्ता) घेऊन बाहेर राहतो. नंबर लागला की सामान बांधून चालला. भाडं मात्र वेळच्या वेळी. नोटीस एक महिन्याचीच ठेवा, तीन महिन्यांच्या अटीवर कोणी सही करणार नाही.

लॅमरोड_काकू: आमचे मेजरसाहेब जाताना घराला रंग देऊन गेले. नंतरच्या कंपनीवाल्यांनी पंखेसुद्धा सोडले नाहीत!

सातबारा: कॅन्टोन्मेंट (लष्करी छावणी) हद्दीत जुन्या बंगल्याचा भाग स्वस्तात दाखवतील. ओल्ड ग्रँट, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या अटींवर दिलेली जागा असेल तर जमीन सरकारची, तुमचा हक्क फक्त बांधकामावर, आणि परवानगीशिवाय हस्तांतर नाही. जनरल लँड रजिस्टरचा (छावणीतल्या जमिनींची नोंदवही) उतारा मागा. हद्दीबाहेर पण लष्कराच्या भिंतीला लागून इमारत असेल तर लष्कराची एनओसी (ना-हरकत दाखला) बघा. आमच्या ओळखीत एकाचा वरचा मजला त्यातच अडकलाय.

भगूरकर: भगूरला या. सावरकरांचं जन्मगाव, हवा एक नंबर. तोफांच्या सरावाला खिडक्या थरथरतात, तेवढंच.

वडनेरचा: आणि बिबट्या?

भगूरकर: तो तुमच्याकडे.

वडनेरचा: त्याला शीव कळते का?

हिशेबी: धागा जंगलात शिरला. लिव्ह अँड लायसन्स (भाड्याने देण्याचा करार) ११ महिन्यांचं असलं तरी नोंदणी सक्तीची, १९९९चा भाडे नियंत्रण कायदा, कलम ५५. जबाबदारी मालकाची. ऑनलाइन होतं. भाडेकरू फौजी असला तरी पोलिसांत माहिती द्या. नॉन-ऑक्युपन्सी (फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायटी घेते ते जादा शुल्क) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही. आमचा सेक्रेटरी ३० टक्के लावत होता, उपनिबंधकांकडे अर्ज गेल्यावर सरळ झाला.

नवा_गडी: गंगापूर रोड +१

सातबारा: पुन्हा सांगतो, आधी उतारा.

डोंबिवलीकर: सगळ्यांचे आभार. कॅम्पात बंगल्याच्या दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. उतारा मागितल्यावर एजंट फोनच उचलेना, तो नाद सोडला. शेवटी फौजी भाडेकरूही नको म्हटलं. नाशिकरोड स्टेशनजवळ जुना वन बीएचके, २६ लाख, आतला भाडेकरू नोट प्रेसमधला, त्याला राहायचंच आहे. काल टोकन दिलं.

गोदाकाठ: जुना??

तोफखाना_निवृत्त: कितवा मजला?

डोंबिवलीकर: तिसरा. लिफ्ट नाही.

तोफखाना_निवृत्त: मग हा गेल्यावर भाडं हजारभर कमी धरा. आणि गच्चीची गळती पावसाळ्यात बघून मगच खरेदीखत.

डोंबिवलीकर: खरेदीखत पुढच्या आठवड्यात आहे.