कावळा शिवतो तेव्हा त्याला नेमके काय कळलेले असते?

टिटवी (मूळ धागा)

‘पिंडाला कावळा का शिवत नाही, याचे उत्तर अमेरिकेने दिले’ अशा मथळ्याचा लेख परवा इथे आला आणि त्याखाली पूर्वजांच्या थोरवीचे प्रतिसाद रांगेने लागले. लेखातला युक्तिवाद असा, की सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी कावळे माणसांचे चेहरे ओळखतात हे सिद्ध केले; ज्याला चेहरा कळतो त्याला मन कळते; आणि म्हणून मृताची राहिलेली इच्छाही त्याला कळते. यातली पहिली पायरी खरी आहे. पुढच्या दोन लेखकाने पदरच्या घातल्या आहेत, आणि त्या विद्यापीठाच्या नावावर खपवल्या आहेत याची मला चीड आली.

तो प्रयोग २००६ मध्ये सुरू झाला. संशोधकांनी आदिमानवाचा रबरी मुखवटा चढवून विद्यापीठाच्या आवारातले सात कावळे पकडले, पायांत कडी घालून सोडून दिले, आणि नंतर तोच मुखवटा घालून वेगवेगळी माणसे आवारात फिरली. मुखवटा दिसला की कावळे कर्कश ओरडत मागे लागत. तुलनेसाठी वापरलेल्या, अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या मुखवट्याकडे मात्र ते फारसे लक्ष देत नसत. मुखवट्याआड बाई आहे की पुरुष, तरुण आहे की म्हातारा, याचे त्यांना सोयरसुतक नव्हते. ज्याने त्यांना कधी बोटही लावले नव्हते अशा माणसावर ते तुटून पडत, कारण चेहरा तोच होता. यावरून कावळ्याची स्मरणशक्ती अफाट आहे एवढे दिसते. अंतःकरणात डोकावणे तर दूरच, मुखवट्याआडचा माणूससुद्धा त्याला कळत नव्हता. शिवाय ते अमेरिकी कावळे होते. आपला करड्या मानेचा गावकावळा निराळ्या जातीचा आहे, याचाही लेखात उल्लेख नाही.

गोदाकाठ

आपण प्रयोग वाचले आहेत, मी घाटावर उभा राहिलो आहे. आईच्या दहाव्याला रामकुंडावर पिंड मांडून आम्ही बराच वेळ ताटकळलो होतो. कावळे समोरच्या भिंतीवर ओळीने बसलेले, पण एकही खाली उतरेना. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले, तेव्हा मामा पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, “ताई, धाकटीच्या लग्नाची काळजी करू नकोस, ते माझ्याकडे लागले.” ते मागे सरतात न सरतात तोच कावळा भातावर येऊन बसला. हे ज्याने पाहिले आहे त्याला पक्ष्यांच्या स्मरणशक्तीवर प्रवचन देऊ नये.

शंकेखोर

आपल्याच वर्णनात उत्तर आहे. ‘मागे सरतात न सरतात तोच’ हे आपले शब्द आहेत.

इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या मॅडलिन गौमस यांनी २०१९ मध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. जमिनीवर बटाट्याच्या कापांची पिशवी ठेवायची, समोर बसायचे, आणि कुरव (सीगल) पक्ष्याकडे एकदा टक लावून पाहायचे, एकदा मान फिरवायची. टक लावली असता पक्ष्यांना पिशवीपर्यंत यायला सरासरी २१ सेकंद जास्त लागले, आणि बरेचसे तर आलेच नाहीत. कावळ्याच्या कुळातला जॅकडॉ पक्षीही अनोळखी माणसाची नजर खाण्यावर असेल तर बिचकतो, हे २००९ मध्ये दाखवले गेले आहे. आता घाटावरचे चित्र डोळ्यांसमोर आणा. सगळे गोत श्वास रोखून कावळ्याकडे टक लावून उभे असते. कोणी शब्द देतो, त्यासरशी सगळ्यांच्या माना खाली जातात, डोळे मिटतात, पावले मागे सरतात. कावळ्याला जो बदल कळतो तो जिवंत माणसांतला आहे. बर्लिनमध्ये १९०४ साली गाजलेला हान्स नावाचा घोडा खूर तितक्या वेळा आपटून गणितांची उत्तरे द्यायचा. ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले, की प्रश्नकर्त्याची मान नकळत हलली की तो थांबे, आणि उत्तर प्रश्नकर्त्यालाच ठाऊक नसेल तर त्याचे गणित बहुतेक वेळा चुके. त्याचा मालक लबाड नव्हता. आपले मामाही नाहीत.

गोदाकाठ

माझ्या आईच्या पिंडाची तुलना आपण बटाट्याच्या कापांशी केलीत, हे मी लक्षात ठेवीन. मामांनी शब्द देण्याआधीही आम्ही मागे सरलो होतो, गुरुजींनीच सरायला लावले होते. तेव्हा कावळा का आला नाही, हे सांगायला कॉर्नवॉलला जावे लागेल काय?

वाघ्याची आई

कावळ्यांचे मला ठाऊक नाही, पण जनावराला काही कळत नाही असे म्हणणाऱ्यांनी आमच्या वाघ्याला एकदा येऊन पाहावे. चप्पल फाडली की तो कान पाडून, शेपूट पोटाशी घेऊन, नजर चुकवत कोपऱ्यात बसतो. याला पस्तावा म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

शंकेखोर

भीती म्हणायचे. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर हाच प्रयोग केला. मालकाने खाऊला तोंड लावायचे नाही असे बजावून खोलीबाहेर जायचे, आणि परतल्यावर कुत्र्याने खाल्ले की नाही हे त्याला कधी खरे, कधी खोटे सांगायचे. ‘अपराधी चेहरा’ खाण्या-न खाण्यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता; आणि तो सर्वांत ठळक दिसला तो काहीही न खाता बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये.

वाघ्याची आई

आपण माझा मजकूर नीट वाचलेला दिसत नाही. मी कुलूप उघडते तेव्हाच तो पलंगाखाली असतो. मी ओरडण्याआधी, चप्पल पाहण्याआधी. न्यूयॉर्कच्या बाईंनी चौदा कुत्रे पाहिले असतील, मी हा एक रात्रंदिवस पाहते.

ओसरी

शंकेखोर यांचा सूर मला खटकतो. माणसाने नजर चुकवली तर ती शरम, कुत्र्याने चुकवली तर ती नुसती सवय, हा न्याय कुठला? प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक फ्रान्स द वाल आयुष्यभर हेच सांगत राहिले, की प्राण्यांना माणसासारखे समजणे ही जशी चूक, तसे साम्य दिसत असूनही ते नाकारणे हीसुद्धा चूकच. आणि कावळ्याबद्दल म्हणाल, तर जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या आंद्रेआस नीडर यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवले, की पडद्यावरचा अगदी पुसट प्रकाश ‘दिसला’ की ‘नाही दिसला’ हे कावळा सांगतो, आणि त्याच्या मेंदूतल्या काही पेशी पडद्यावर काय होते यापेक्षा त्याने काय सांगितले याच्याशी जुळतात. म्हणजे आत काहीतरी घडते आहे. त्याला यंत्र ठरवून मोकळे होता येणार नाही.

टिटवी

यंत्र मी कधी म्हटले? मृत्यू त्याला कळत नाही असेही म्हटलेले नाही. मार्झलफ यांच्याबरोबर केली स्विफ्ट यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केले, की मेलेला कावळा हातात धरून उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा जिवंत कावळे पुढे आठवडेच्या आठवडे लक्षात ठेवतात आणि त्या जागी ठेवलेल्या खाण्याकडे यायला कचरतात. कावळ्याला मेलेल्या कावळ्याची दखल असते. माणसाच्या धाकट्या मुलीच्या लग्नाची असते, हे अजून कोणी दाखवलेले नाही.

गोदाकाठ यांचा प्रश्न मात्र रास्त आहे. एका वेळच्या घटनेवरून नजर, गर्दी, भूक की भिंतीवरच्या दुसऱ्या कावळ्याचा धाक, हे वेगळे काढता येत नाही. त्यासाठी काही दहावे शब्द देऊन आणि काही न देता पाहावे लागतील.

गोदाकाठ

आपल्याला माझा प्रश्न रास्त वाटला, याबद्दल मी आपला आजन्म ऋणी आहे. दहाव्याला असले खेळ आमच्या घरात कोणी करणार नाही. पितृपक्षात गच्चीवर पान ठेवतो तेव्हा पाठ फिरवून उभा राहीन, तेवढे चालत असेल तर पाहा.

शंकेखोर

चालेल. आणि वाघ्याच्या आईंना एक विनंती. एक चप्पल आपण स्वतः फाडून दारात टाकावी, बाहेर जाऊन परत यावे. वाघ्या तेव्हाही पलंगाखाली सापडला, तर तो केलेल्या कृत्यामुळे लपत नाही, ‘फाटकी चप्पल आणि मालकीण एकत्र आल्या की आरडाओरडा होतो’ या अनुभवामुळे लपतो, असे मानायला जागा राहील.

वाघ्याची आई

धडधाकट चप्पल आपल्या हाताने फाडण्याइतके विज्ञान माझ्या अंगात नाही, यजमानांची फाडीन. आणि तरीही वाघ्या लपला, तर तो यजमानांच्या वतीने घाबरला असे मी समजेन.