बोका फेल्व्ही (मांजरांचा ल्युकेमिया विषाणू) पॉझिटिव्ह, मांजरी निगेटिव्ह. दोन खोल्यांत कसं जमवायचं?

प्रतापनगरची_मनी: बोका २ वर्षांचा, ४ किलो, नसबंदी झालेली. फीलाइन ल्युकेमियाची किट टेस्ट पॉझिटिव्ह आली. सोबतची मांजरी निगेटिव्ह. दोघं एकाच वाटीत खातात, एकमेकांना चाटतात. बोका धडधाकट आहे. रोज दोनदा फिनाइलने फरशी पुसतेय. आणखी काय करू?

सेमिनरी_हिल्स_व्हेट: ताई, आधी फिनाइल बंद करा. मांजराच्या यकृताला ते शरीराबाहेर काढता येत नाही, आणि फरशीवरून पंज्यांना लागलेलं चाटण्यातून पोटात जातं. त्याची गरजही नाही. हा विषाणू शरीराबाहेर, कोरड्या जागी काही तासांतच मरतो, साबणाने तर लगेच. तो पसरतो मुख्यतः लाळेतून. तेव्हा अडवायचं ते चाटणं, चावणं आणि सामायिक वाटी. माणसांना किंवा कुत्र्यांना तो होत नाही.

किट रक्तातलं पी२७ प्रथिन पकडते. वरून निरोगी दिसणाऱ्या मांजरात एकाच पट्टीवर निकाल ठरवू नका. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत (यात रक्त गोठत नाही) रक्त घेऊन पीसीआर, म्हणजे विषाणूचे जनुक शोधणारी तपासणी, करून घ्या आणि काही आठवड्यांनी किट पुन्हा लावा. काही मांजरं विषाणूला दाबून टाकतात, मग किट निगेटिव्ह होते. अशी मांजरं पुष्कळ वर्षं जगतात. ज्यांच्या रक्तात तो टिकून राहतो त्यांच्यातली बरीचशी साधारण ३ वर्षांत जातात. म्हणून ही दुसरी तपासणी टाळू नका. मांजरीचीही आजपासून दोघांना वेगळं ठेवून किमान ३० दिवसांनी परत करा. आजचं निगेटिव्ह पक्कं धरता येत नाही.

प्रतापनगरची_मनी: मधे जाळीचं दार लावलं तर चालेल? आणि लस?

सेमिनरी_हिल्स_व्हेट: जाळीतून नाकाला नाक लागतं, बंद दारच हवं. वाट्या आणि शी-शूच्या मातीचे ट्रे वेगळे. आधी मांजरीला वाढा, मग बोक्याला, नंतर साबणाने हात धुवा. लस फक्त निगेटिव्ह मांजरीच्या कामाची, तीही पूर्ण हमी देत नाही. आपल्याकडे सर्रास टोचतात त्या तीन रोगांच्या लशीत फेल्व्ही येत नाही, तेव्हा वेगळं विचारा.

बोकोबा_धंतोली: रोजच्या देखभालीचं सांगतो. खरा धोका रक्त कमी होण्याचा. हिरड्या रोज एकाच खिडकीच्या उजेडात पाहा. हिरड्या काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आतला रंग बघा. फिकट पांढरट दिसला, किंवा बोका भिंतीचा चुना, माती चाटायला लागला, तर त्याच दिवशी दवाखान्यात. झोपेत मिनिटाला ३० पेक्षा जास्त श्वास हीही धोक्याची खूण.

वजन दर रविवारी. माणसाच्या काट्यावर १००-२०० ग्रॅमचा फरक कळत नाही. पिशवीत बसवून हुकाच्या डिजिटल काट्याला लटकवा. ४ किलोच्या बोक्यात २०० ग्रॅम घट म्हणजे ५ टक्के, तेवढ्यावर डॉक्टरांना कळवा. ताप १०३ फॅरनहाइटच्या वर गेला किंवा २४ तास खाल्लं नाही तरी थांबू नका. पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका, त्यानं मांजर मरतं. कुत्र्याचं पिसवांचं औषधही नको, परमेथ्रिन असेल तर तेवढंच घातक. पिसवा मात्र मांजराच्याच औषधाने नक्की मारा, त्या रक्त पितात आणि रक्तपेशींना लागणारा जंतूही पसरवतात.

कच्ची कोंबडी, कच्चं अंडं बंद. उकडून, हाडं काढून, कांदा-लसूण न घालता द्या. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या आसपास जातो तेव्हा कूलर हवाच, पण टाकीतलं पाणी मांजरं पितात, ते रोज बदला. दोन-तीन ठिकाणी पाण्याच्या वाट्या ठेवा. तोंड उघडून धापा टाकायला लागला तर ओल्या कपड्याने पुसून लगेच डॉक्टरकडे. रक्त कमी असलेल्या मांजराला ऊन फार झेपत नाही.

सेमिनरी_हिल्स_व्हेट: एक राहिलं. दर ६ महिन्यांनी रक्ताची पूर्ण तपासणी, दात आणि मानेच्या गाठी पाहून घ्या. स्टेरॉइड लिहून दिलं तर आधी पॉझिटिव्ह असल्याचं डॉक्टरांना सांगा.