गाडीचा एसी थोड्या वेळाने गरम हवा देतो, वायरिंगचा दोष कसा शोधू? तातडीने मदत हवी आहे

वाटसरू:
एसी लावला की सुरुवातीला छान थंड हवा येते आणि थोड्या वेळाने गरम यायला लागते. गाडी जरा वेळ बंद ठेवली की पुन्हा थंड. गॅस तपासून घेतलाय, बरोबर आहे. फ्यूज चांगला आहे. एसीचा रिले (विजेवर चालणारा स्विच) हॉर्नच्या रिलेशी अदलाबदल करून पाहिला, फरक नाही. गॅरेजवाले कॉम्प्रेसरच बदला म्हणतात, मला ते पटत नाही. परवा आजारी वडिलांना घेऊन लांबचा प्रवास आहे. कुठून सुरुवात करू ते लगेच सांगा.

खटपट्या:
गॅस कमी असणार. शंभरातल्या नव्वद गाड्यांना हेच होतं. भरून घ्या, प्रश्न मिटेल.

वाटसरू:
गॅस तपासलाय असं वर लिहिलंय हो.

मीटर_हाती:
गाडी कोणती? एसी नॉबचा की ऑटोमॅटिक? हवा गरम होते तेव्हा कॉम्प्रेसरचा क्लच फिरत असतो की थांबलेला? रेडिएटरचा पंखा चालू असतो का? हवेचा जोर तोच राहतो की कमी होतो? एवढं कळल्याशिवाय कोणीही सांगितलं तरी तो अंदाजच.

वाटसरू:
डिझेल, जुनी गाडी, नॉबवाली. पंखा चालू असतो, जोरही तोच. क्लच म्हणजे नेमकं काय बघू?

मीटर_हाती:
बॉनेट उघडून कॉम्प्रेसरच्या पुलीकडे बघा. पट्ट्यावरची पुली सतत फिरते. तिच्यापुढची चकती एसी लावल्यावर 'टक्' करून पुलीला चिकटते आणि सोबत फिरते. हवा गरम असताना ती चकती थांबलेली आहे का, ते सांगा. हात आणि कपडे पट्ट्यापासून लांब ठेवा. (काही नव्या कॉम्प्रेसरना असा क्लचच नसतो, म्हणून गाडी विचारली.)
जोर तोच आहे म्हणजे कूलिंग कॉइलवर बर्फ साचत नाही. पंखा चालू असेल तर प्रेशर वाढून स्विचने कॉम्प्रेसर कट केला असण्याची शक्यताही कमी.

झुळूक:
आमच्या गाडीत एसी लावला की कुबट वास यायचा. केबिन फिल्टर बदलला आणि घरी पोचायच्या थोडं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवायची सवय लावली. कॉइल वाळते, वास गेला. आणि ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडला चालत असेल तर रेझिस्टर जळलेला असतो, तो स्वस्तात मिळतो.

वाटसरू:
वास नाही, ब्लोअर सगळ्या स्पीडला चालतो. चकती बघितली. गरम हवा आली तेव्हा ती थांबलेली होती.

स्कॅनरप्रेमी:
मग गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावा ना! त्यातला दोषाचा कोड वाचला की दोन मिनिटांत उत्तर. आजकाल मीटर घेऊन वायरी शोधत कोण बसतं?

मीटर_हाती:
नॉबवाल्या एसीत ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) बहुतेक वेळा फक्त रिलेला आदेश देतो. रिलेच्या पुढे क्लचपर्यंत वीज पोचली का, हे त्याला कळत नाही, मग कोड कुठून येणार? स्कॅनरवर 'क्लच चालू' दिसेल आणि चकती मात्र थांबलेली असेल.

स्कॅनरप्रेमी:
पण आदेश जातोय की नाही हे तर कळेल! प्रेशरचा आकडाही दिसतो. ते शोधायलाच अर्धा वेळ जातो.

मीटर_हाती:
तेवढ्यापुरतं मान्य.

वाटसरू:
भांडण नंतर करा. क्लचचं कप्लर (वायरी जोडणारा प्लग) काढून वायरीवर मीटर लावला, साडेतेरा व्होल्ट आले. म्हणजे वायरिंग ठीक आणि क्लचची कॉइल (चकती ओढणारं चुंबक) गेली, बरोबर?

मीटर_हाती:
थांबा, इतक्यात कॉम्प्रेसर मागवू नका! कप्लर काढल्यावर वायरीतून करंटच जात नाही. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर पूर्ण व्होल्ट दाखवतो. क्लच तीन-चार अँपिअर ओढतो, तेव्हा काय उरतं ते बघायला हवं. कप्लर जोडलेलं ठेवून मागच्या बाजूने सुई वायरीला टेकवा आणि दोष आलेला असताना मोजा.

टेस्टलॅम्प:
त्यापेक्षा क्लचच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, मंद पेटला की वायरीत दोष. मीटर फसवतो, बल्ब फसवत नाही. फक्त सेन्सर किंवा ईसीयूच्या वायरींना बल्ब लावू नका.

वाटसरू:
कप्लर जोडून मोजलं. क्लचला जेमतेम आठ व्होल्ट, बॅटरीवर चौदा!

मीटर_हाती:
आता खरी गोष्ट सापडली. सहा व्होल्ट वाटेत कुठेतरी उष्णता होऊन जातायत. मीटरची काळी सुई क्लचच्या बॉडीला, लाल बॅटरीच्या प्लसला लावा. चौदा आले तर अर्थ (बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे परतीची वाट) चांगला. मग एक सुई प्लसवरच ठेवून दुसरी फ्यूजच्या डोक्यावरच्या उघड्या टोकांना लावा. तिथे एक-दोन दशांश व्होल्टच पडत असतील तर दोष फ्यूजच्या पुढे. मग रिले काढून सॉकेट नीट बघा. रिले बदललात, सॉकेट तेच राहिलं.

वाटसरू:
अर्थ ठीक, फ्यूजपर्यंतही ठीक. रिलेच्या ८७ नंबरच्या (क्लचकडे वीज नेणाऱ्या) पायाखालचं प्लास्टिक तपकिरी पडून फुगलंय, आतली क्लिप सैल आहे. पक्कडने दाबून बसवली, आता तेरा पॉइंट सहा येतात आणि क्लच सुटत नाही.

खटपट्या:
तरी जाण्याआधी थोडा गॅस टाकून घ्या.

मीटर_हाती:
नका टाकू. गॅस वापरून संपत नाही, गळतो. बरोबर असताना वर टाकला तर प्रेशर वाढेल आणि एसी उलट लवकर कट होईल.
वाटसरू, तापलेल्या क्लिपची स्प्रिंग गेलेली असते, दाबलेली पकड टिकणार नाही. निघायच्या आधी तीच क्लिप नव्या वायरीच्या तुकड्यासकट बदलून घ्या, वायर मूळ जाडीचीच. फ्यूज मात्र वाढवू नका.

वाटसरू:
उद्या सकाळी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेतो. क्लचमधलं, म्हणजे चकती आणि पुलीमधलं, अंतरही बघून घेऊ का?

मीटर_हाती:
हो. साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर असावं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. आठ व्होल्टवर चकती घसरत राहिली असेल तर ती घासलेली असू शकते. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) इंजिन बंद असताना मोजा.