वरचा सुळा टाळूत अडकलाय, ऑपरेशन करू का?

प्रश्न (सातपूर, नाशिक): लेक 13 वर्षांची. वरचा डावा सुळा आलाच नाही, दुधाचा अजून घट्ट. ओपीजीत (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत) नवा टाळूकडे आडवा दिसतोय. ‘येईल आपोआप’ म्हणत आम्ही वर्ष घालवलं. पोर ऑपरेशनला घाबरलीय.

उत्तर: ताई, आता थांबू नका. अडकलेला सुळा शेजारच्या दाताचं मूळ खाऊ शकतो. माझ्या मुलाला आधी तारा लावून जागा केली, मग हिरडी बधिर करून सुळा उघडा केला, बारीक साखळी चिकटवून हळूहळू खाली ओढला. दोन दिवस मऊ खिचडी, बस. पण तारा 2 वर्षं होत्या, हे तिला आधीच सांगा.

उत्तर: धाकटं भावंड असेल तर तेही दाखवा, हे घराण्यात चालतं. 10व्या वर्षाच्या सुमारास हिरडीवर सुळ्याचा उंचवटा बोटाला लागतो.

प्रश्नकर्ती: धाकट्याला आत्ताच बघितलं. उजवीकडे लागतोय, डावीकडे नाही. सोमवारी दोघांनाही नेते.