सोलापूरच्या पूर्व भागातल्या मासे तळायच्या गाड्या कुणाला आठवायलेत का?

साखरपेठी

मंडळी, सोलापूरच्या खाण्याचा विषय निघाला की गाडी शेंगा चटणी, कडक भाकरी आणि शिक कबाबवर येऊन थांबते. माशाचं नाव कुणी काढत नाही. समुद्र नाही, नदी लांब, मग मासे कुठले, असं बाहेरच्यांना वाटतं. पण ८०च्या दशकात अशोक चौक, कन्ना चौक, साखर पेठ ह्या पट्ट्यात ज्याचं लहानपण गेलं त्याला संध्याकाळच्या त्या गाड्या आठवणारच. रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह भर्रर्र करायलाय, वर गॅसबत्ती टांगलेली, काळी खोलगट कढई आणि काचेच्या पेटीत लालभडक तुकड्या रचून ठेवलेल्या.

आमचे वडील यंत्रमागावर होते. पगाराच्या संध्याकाळी घरी येताना पुडी आणायचे. कागदाला तेलाचे डाग पडलेले, आत तुकड्या, चिरलेला कांदा, लिंबाची फोड. आई मासे घरात शिजवू द्यायची नाही, पण बाहेरून आलेलं चालायचं. फक्त ताट वेगळं. हा नियम कुणी केला कोण जाणे, पण आमच्या अख्ख्या वाड्यात तोच होता. जेवण उंबऱ्याबाहेर, ओट्यावर.

मी आता पुण्यात असतो. घरी पुष्कळदा करून बघितलं. रव्यात घोळवून तव्यावर परतलं, बेसनात बुडवून तळलं. वाईट होत नाही, पण ते नव्हे. गाडीवरची तुकडी घरी येईपर्यंत अर्धा तास जायचा तरी वरचा पापुद्रा कडक असायचा. माझी ताटात पडेपर्यंत मऊ पडते. दोन गोष्टी विचारायच्यात. मासा कोणता असायचा? आणि वरून काय लावायचे?

कोकणातल्या मंडळींना नम्र विनंती, सुरमई-पापलेटचे फोटो टाकू नका. पोटात दुखतं.

विडीघरकुलची

साखरपेठीदादा, तुम्ही ज्या गाड्यांचं म्हणताय त्यातली एक आमच्या नायनांची, म्हणजे वडिलांची होती. कुठली ते सांगत नाही, पण तुमच्या वडिलांनी आमच्याकडून नक्की घेतलं असणार, कारण त्या रांगेत गाड्या होत्याच किती!

पहिल्यांदा मासा. बहुतेक चिलापी, म्हणजे तिलापिया. उजनीचं धरण १९८० ला पुरं झालं आणि काही वर्षांत सोलापूरच्या बाजारात चिलापीचा ढीग लागायला लागला. नायना म्हणायचे, आधी भीमेचा नाहीतर हिप्परग्याच्या तळ्याचा मासा यायचा, तो कधी असायचा कधी नसायचा, त्यावर रोजची गाडी चालत नव्हती. चिलापी स्वस्त, आणि तिच्यात बारीक काटे नसतात. मधला मोठा काटा काढला की पोरानं खुशाल खावं. रोहू-कटल्याच्या मांसात ते दुतोंडी बारीक काटे असतात ना, ते घशात अडकले की रात्री गिऱ्हाईक भांडायला परत यायचं. म्हणून रोहू ठेवायचे ते जाणत्या गिऱ्हाइकासाठी. त्याच्या तुकड्या अगदी पातळ कापायचे, पाठीवर जवळजवळ चिरा देऊन, म्हणजे काटे तेलात कुरकुरीत होऊन चावले जातात. कटल्याची डोकी विकायची नाहीत, ती घरी. अम्मा चिंच घालून पुलुसू, म्हणजे आंबट रस्सा करायची. आम्हा पोरांना तळलेल्यापेक्षा तेच आवडायचं, खरं सांगते. रोज ज्याचा वास अंगाला येतो त्याची कसली हौस!

आता वरच्या पापुद्र्याचं. तुम्ही बेसन लावताय तिथंच घोटाळा आहे. बेसन लवकर मऊ पडतं. नायना तांदळाचं पीठ घ्यायचे, बेसन फक्त मूठभर, चिकटायला. पण त्याच्या आधीचं काम जास्त महत्त्वाचं. दुपारी तुकड्या धुऊन त्यांना मीठ-हळद चोळायची आणि तिरप्या टोपलीत ठेवायच्या. तासाभरात पाणी गळून जातं. ते पाणी राहिलं की वरून काहीही लावा, आतून वाफ येऊन मऊच होणार. मग आलं-लसूण, तिखट, लिंबू. शेवटी पीठ कोरडं भुरभुरवून हातानं दाबायचं. भज्यासारखं भिजवलेलं पीठ नाही.

आणि दोनदा तळायचं! हे कुणी सांगत नाही. चार-साडेचारला सगळ्या तुकड्या मंद तेलात अर्ध्या तळून काढायच्या. तुम्ही काचेच्या पेटीत रचलेल्या बघितल्या त्या अर्ध्याच असायच्या. गिऱ्हाईक आलं की कडकडीत तेलात मिनिटभर. त्यामुळं गर्दीतही पटापट देता यायचं आणि पापुद्रा टिकायचा. तेल सुरुवातीला करडईचं. आपल्याकडं तेव्हा करडई घरोघर होती. नंतर महाग झालं तसं जे परवडेल ते.

लाल रंग तिखटाचा होता असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू द्या. तो खायचा रंग. चिमूटभर. नायनांना स्वतःला आवडायचा नाही, पण शेजारची गाडी लाल आणि आपली पिवळी दिसली की गिऱ्हाईक तिकडं जायचं.

आम्हा भावंडांचं काम रद्दीचं. घरी अम्मा आणि आत्या विड्या वळत बसलेल्या, सुपात तेंदूची पानं, आणि आम्ही बाजूला वर्तमानपत्राचे चौकोन फाडायलोय. ‘संचार’चं एक पान दुमडून चार पुड्या. सिनेमाच्या जाहिरातीचं पान मी बाजूला काढायची, मोठा भाऊ क्रिकेटचं. नायना ओरडायचे की पुडीला कागद कमी पडायलेत आणि तुम्ही वाचत बसलाय. मी मराठी वाचायला शाळेपेक्षा तिथंच जास्त शिकले. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू.

आणि चुरा! तो कुणाला आठवतो का? पिठाचे, मसाल्याचे, माशाच्या कडेचे तुटलेले तुकडे कढईत तळाला बसायचे. ते वेळच्या वेळी झाऱ्यानं काढले नाहीत तर जळतात, तेल काळं होतं आणि पुढची सगळी तळणी कडू. म्हणून काढायलाच लागायचे. नायना ते एका थाळीत निथळत ठेवायचे. गल्लीतली पोरं कागद पुढं करून उभी राहायची. चार आणे दिले तर कांदा-लिंबासकट, नाही दिले तर नुसता. मोठ्या माणसानं मागितला तर मात्र द्यायचे नाहीत. एकदा एक चांगला पँट-शर्टातला माणूस मागायला आला तर म्हणाले, “मालक, तो पोरांचा आहे, तुम्ही तुकडी घ्या.”

गाडी शिंदीच्या दुकानाजवळ लागायची, धंदाच तसा. त्यामुळं अंधार पडल्यावर मला तिथं थांबायची परवानगी नव्हती. भावांना होती. त्यावरून मी घरात पुष्कळ भांडलेय.

बाळीवेस टू लीड्स

वा, काय वाचायला मिळालं! आमचं घर लिंगायत. मासे सोडा, अंड्याचं टरफल सापडलं असतं तरी आजीनं घर धुऊन काढलं असतं. पूर्व भागात मित्राकडं अभ्यासाला म्हणून जायचो आणि तो चुरा खायचो. नुसतं पीठच आहे की, मासा कुठं खाल्ला, असं स्वतःला समजावत होतो. विडीघरकुलची ताई, त्यात माशाच्या कडाही होत्या हे आज कळलं. आजी वर बसून ऐकत नसो म्हणजे झालं.

आता इंग्लंडात यॉर्कशरमध्ये राहतो. इथं दर दोन गल्ल्यांआड फिश अँड चिप्सचं दुकान. पहिल्यांदा गेलो तेव्हा पुढच्या पोरानं काउंटरवर फक्त चिप्स मागितल्या आणि वर “स्क्रॅप्स” म्हणाला. बाईनं पिठाचे तळलेले कुरकुरीत कण झाऱ्यानं उचलून त्याच्या चिप्सवर फुकट टाकले. मी बघतच राहिलो. तोच चुरा! इथंही तो तेलातून काढायलाच लागतो, आणि पोरंच मागतात.

मात्र इथं ताई म्हणतात तसं कोरडं पीठ नाही. गव्हाचं पातळ पीठ भिजवतात, मासा त्यात बुडवून सोडतात, तो फुगतो. मासा समुद्राचा. यॉर्कशरमध्ये हॅडॉक जास्त, दक्षिणेकडं कॉड. वर मीठ आणि माल्टचं व्हिनेगर, बाजूला हिरव्या वाटाण्याचा गरगट लगदा. लिंबाची आठवण येते. आणि ह्या भागात बरीच दुकानं अजून गाईच्या चरबीत तळतात. म्हणजे शाकाहारी माणसानं नुसत्या बटाट्याच्या चिप्ससुद्धा विचारल्याशिवाय खायच्या नाहीत. गावाकडून पाहुणे आले की मी आधी काउंटरवर “कशात तळता?” हेच विचारतो.

एक गोष्ट मला फार आपली वाटली. हे खाणं वाढलं ते गिरणगावांमध्ये. तळलेला मासा इंग्लंडात ज्यू लोकांनी आणला असं मानतात, आणि मासा-चिप्स एकत्र विकायला १८६०च्या सुमारास सुरुवात झाली. लंडनवाले म्हणतात आमच्याकडं आधी, लँकाशरवाले म्हणतात मॉस्लीत १८६३ ला. तो वाद मिटायचा नाही. पण वाढ कशानं झाली? वाफेवरच्या मासेमारी बोटींनी मासा मुबलक आणला, रेल्वेनं तो ग्रिम्सबी-हलच्या बंदरांतून आतल्या गावांना पोचवला, आणि कापडाच्या गिरण्यांत बायासुद्धा दिवसभर कामावर. संध्याकाळी चूल पेटवायला कुणाच्या अंगात त्राण? सोलापुरात १८७७ ला जुनी मिल निघाली, पुढं विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी, मग माग आणि विड्या. इथल्या जुन्या गिरण्यांच्या धुराड्यांखाली उभा राहिलो की मला ताईंची अम्मा आणि आत्याच डोळ्यांपुढं येतात, न बघताही.

दुसऱ्या महायुद्धात इथं जवळजवळ सगळ्याला रेशन होतं, पण फिश अँड चिप्सला लावलं नाही. सरकारला भीती, कामगार बिथरतील. बरोबरच होतं म्हणा. पूर्व भागात पगाराच्या दिवशी माशाची गाडी बंद ठेवून बघायची होती कुणीतरी.

वर्तमानपत्राचा कागद इथंही होता. ८०च्या दशकात शाईच्या धास्तीनं तो गेला. म्हातारी माणसं अजून म्हणतात की त्या कागदाशिवाय चव नाही.

हिप्परगा_गळ

कागद आपल्याकडंही बंदच आहे, नियमानं. २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांत वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला मनाई केलीय. गाड्यांवर अजून दिसतो ते सोडा.

चिलापीचं कौतुक चाललंय म्हणून थोडा मिठाचा खडा टाकतो. ती मूळची आफ्रिकेतली. आपल्याकडं १९५२ मध्ये आणली. पिल्लं तोंडात सांभाळते, वर्षातून पुष्कळदा वीण, काहीही खाते. उजनीत तिनं बस्तान बसवल्यावर भीमेच्या जुन्या माशांना जागा कमी पडली. आमचे आजोबा मरळ आणि वांबेशिवाय दुसरं काही मासा म्हणूनच धरत नव्हते. चिलापीला ते “धरणाची पैदास” म्हणायचे आणि ताटातून बाजूला करायचे. मी मात्र उजनीकाठच्या भिगवणला गेलो की चिलापी फ्राय खाल्ल्याशिवाय पुढं जात नाही. काय करणार, स्वस्त आणि गरम.

साखरपेठी, श्रावणात ह्या गाड्यांचं काय व्हायचं? मला आठवतं, आमच्या बाजूच्या गाडीवाल्यानं महिनाभर मिरची भजी काढली होती, त्याच कढईत. लोक खायचेसुद्धा!

साखरपेठी

ताई, काय लिहिलंय तुम्ही! वडील असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं. ते एका ठरलेल्या गाडीवरूनच आणायचे आणि गाडीवाल्याशी तेलुगूत दोन शब्द बोलायचे, तेवढंच आठवतं. बाकी मी खाली बघत असायचो, चुऱ्याच्या थाळीकडं.

बाळीवेसवाले, तुमच्या आजीची भीती रास्त आहे. हिप्परगा, श्रावणाचं लक्षात नाही, आमच्याकडं तो महिना ओट्यावरच्या वेगळ्या ताटालाही सुट्टी असायची.

ताई, रविवारी करायचं ठरवलंय. चिलापी इथं सोलून, काटा काढून मिळते. तशी चालेल का? आणि तांदळाचं पीठ विकतचं घेऊ की घरी दळू?

विडीघरकुलची

काटा काढलेली नको, तळताना तुटते आणि आक्रसते. अख्खी घ्या, खवले काढून, दोन्ही अंगाला तिरक्या चिरा द्या. पीठ विकतचं चालेल, पण भाकरीसाठी मिळतं ते फार मऊ असतं. जरा रवाळ घ्या. नायना रेशनचा तांदूळ गिरणीत जाडसर काढून आणायचे.

अर्धी तळून काढल्यावर ताटात एकावर एक रचू नका, जाळीवर ठेवा. आणि पहिल्या तळणीला घाई करू नका. बुडबुडे कमी झाले की काढा.

हिप्परगा, श्रावणात आमची गाडी बंद. नायना मागावर बदली कामगार म्हणून जायचे. त्याच कढईत भजी काढणारा कोण ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही. त्याची नात माझ्या मुलीच्या वर्गात आहे.

बाळीवेस टू लीड्स

रविवारी कसं झालं ते लिहा, साखरपेठी. आणि चुरा टाकून देऊ नका बे.