आमच्या ऋण्यांना ऋण सोडताना : आपापले अनुभव लिहा

ओंजळ
आईचे जुने पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, नव्याने बांधून घ्यावे म्हणून गेल्या आठवड्यात कपाटातून काढले, तेव्हा मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात घडी घातलेला एक कागद सापडला. अक्षर माझेच होते. अकरा वर्षांपूर्वी वडील शेवटच्या दुखण्यात असताना माझ्या मोठ्या बहिणीने मला कळवले नाही, आणि मी पोचले तेव्हा दफनविधी उरकला होता. त्या महिन्यात तिचे एकेक बोलणे मी तारखेसह उतरवून काढले होते. एकूण चौदा नोंदी होत्या आणि शेवटच्या नोंदीखाली इतक्या जोराने रेघ ओढली होती की तिथे कागद फाटला होता.

त्याच अध्यायातली, येशूने शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना मला बोलता येऊ लागले तेव्हापासून पाठ आहे, पण ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ या ओळीतल्या ‘ऋण’ शब्दापाशी मी कधी थांबले नव्हते. लूकच्या अकराव्या अध्यायात त्या जागी पापे असा शब्द आहे. मत्तयने मात्र ऋण म्हटले आहे. तो कागद हातात धरल्यावर कळले की ही माझी खातेवही होती. ‘झाले गेले विसरून जा’ असे मला मंडळीतल्या अनेकांनी प्रेमाने सांगितले होते आणि विसरता येत नाही म्हणून मी स्वतःला खोटी विश्वासणारी समजत होते. पण सोडायचे ऋण किती आहे हे आधी मोजावेच लागते, आणि ते मोजणे म्हणजे अविश्वास नव्हे.

मग मी एकेक नोंद देवबापापुढे मोठ्याने वाचली आणि प्रत्येकीनंतर म्हटले, ‘हे मी आता तिच्याकडे मागणार नाही.’ त्याला तीन संध्याकाळी लागल्या. नववी नोंद होती तिने दारातच उच्चारलेले वाक्य, ‘आता येऊन काय उपयोग?’ पहिल्या संध्याकाळी मी तिथेच थांबले आणि शास्त्र मिटून ठेवले. बहिणीने आजवर क्षमा मागितलेली नाही, तरी आम्ही रविवारी फोनवर बोलतो. तुमचे अनुभव वाचायची इच्छा आहे. ज्यांना अजून हे जमलेले नाही त्यांनीही संकोच न करता लिहावे.

निशिगंध
नवव्या नोंदीपाशी मीही थांबले, ताई. बाळ उठले आहे, म्हणून आता इतकेच लिहिते. रात्री परत येईन.

पाऊलवाट
वीस वर्षांच्या मित्राने भागीदारीत मला फसवले. मला आधार मिळाला तो पवित्र शास्त्रातल्या योसेफाच्या कथेत, आणि तोही शेवटच्या गळाभेटीत नव्हे, तर तिच्या आधीच्या अध्यायांत. सतराव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या भावांनी त्याला रुप्याच्या वीस तुकड्यांना विकले, तिसाव्या वर्षी तो मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहिला, आणि सुकाळाची सात वर्षे व दुष्काळाची दोन वर्षे सरल्यावर त्याने भावांना आपली ओळख दिली. म्हणजे मध्ये सुमारे बावीस वर्षे गेली. दुष्काळात धान्यासाठी भाऊ प्रथम समोर आले तेव्हा तो त्यांच्यापासून दूर जाऊन रडला, आणि पुढे धाकटा भाऊ बन्यामीन याच्या गोणीत रुप्याचा प्याला ठेवून त्याने त्यांना पारखले. ज्या यहूदा नावाच्या भावाने त्याला विकण्याची कल्पना काढली होती, तोच बन्यामिनाच्या जागी गुलाम व्हायला तयार झाला, तेव्हा कुठे योसेफाला स्वतःला आवरेना. मित्राविषयीचा राग मी प्रभूपाशी सोडला आहे आणि त्याच्या मुलांसाठी रोज प्रार्थना करतो, परंतु त्याच्याबरोबर पुन्हा व्यवहार केलेला नाही. क्षमा करण्यासाठी मला त्याची संमती लागली नाही. भरवसा मात्र मी एकटा उभा करू शकत नाही.

अबोली
मला अजून जमलेले नाही. नवरा मारत असे, आणि मी पाळकांकडे गेले तेव्हा त्यांनी साताच्या सत्तर वेळा क्षमा करण्याचे वचन वाचून मला घरी परत पाठवले. मत्तयच्या त्याच अठराव्या अध्यायात, त्या वचनाच्या थोडे आधी, अपराध करणाऱ्याला त्याचा अपराध दाखवावा, त्याने ऐकले नाही तर साक्षीदार घेऊन जावे आणि शेवटी मंडळीला सांगावे असे येशू म्हणतो, पण तो भाग मला कोणी वाचून दाखवला नाही. मी ते घर सोडून सहा वर्षे झाली. सध्या मी फक्त पंचावन्नावे स्तोत्र म्हणते, कारण त्यात घाव घालणारा शत्रू नसून जवळचा माणूस आहे, ज्याच्याबरोबर देवाच्या घरी जाणे होत असे. प्रभूच्या प्रार्थनेतल्या त्या ओळीपाशी मी गप्प राहते.

वेलांटी
अबोली, गप्प राहिलीस तरी तू प्रार्थनेतच आहेस. मी कॅथलिक आहे, म्हणून मला पोप दुसरे जॉन पॉल आठवले. १३ मे १९८१ रोजी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, काही दिवसांतच त्यांनी त्या माणसाला क्षमा केल्याचे जाहीर केले आणि डिसेंबर १९८३ मध्ये त्याच्या कोठडीत जाऊन ते त्याच्याजवळ बसले. तरीही तो माणूस २००० सालापर्यंत इटलीच्या तुरुंगातच होता. क्षमा केली म्हणून कोणी त्याला लगेच मोकळे सोडले नाही, मग तुला त्या घरात परत पाठवण्याचा अधिकार कोणाला कसा असेल?

दीपस्तंभ
अबोलीने सांगितलेल्या त्याच अठराव्या अध्यायातल्या निर्दय चाकराच्या दाखल्याचे, म्हणजे राजाने ज्याचे प्रचंड देणे माफ केले पण ज्याने स्वतः सोबत्याचे देणे सोडले नाही त्याच्या गोष्टीचे, आकडे मी एकदा मांडून पाहिले होते. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार ही मजुराची दिवसाची कमाई. त्या हिशेबाने चाकराचे दहा हजार तालांतांचे देणे सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके होते, तर त्याच्या सोबत्याचे देणे शंभर दिवसांचे होते. हा दाखला सांगताना दुसरी रक्कम क्षुल्लक असल्यासारखी आपण पुढे सरकतो, परंतु शंभर दिवसांची मजुरी बुडाली तर मजुराच्या घरात चूल कशी पेटेल? आपल्याला झालेली इजा लहान होती असे प्रभू कुठेही म्हणत नाही. आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते : ऋण सोडणे या अर्थी मत्तयने जे ग्रीक क्रियापद वापरले आहे, तेच पेत्र आणि अंद्रिया या कोळी भावांनी येशूमागे जाताना जाळी सोडली तिथेही आहे. हात उघडल्याशिवाय जाळे सुटत नाही.

निशिगंध
बाळ झोपले. माझी आई मला लहानपणी सोडून गेली होती आणि आता आई झाल्यावर तो राग नव्याने उसळला आहे. रात्री दूध पाजताना वाटते की हिला हे करवले तरी कसे. गेले काही दिवस त्याच वेळी तिचे नाव घेऊन प्रार्थना करते. कधी नावापुढे एकही शब्द सुचत नाही.

ओंजळ
अबोली, तुझ्यासाठी आज प्रार्थना केली. त्या ओळीपाशी तू थांबतेस तेव्हा यापुढे तुझ्याबरोबर मीही थांबेन. आज बहिणीचा फोन आला. कागदाविषयी मी तिला काही बोलले नाही. आईच्या शास्त्राला पूर्वीसारखेच काळे कव्हर घालायचे का, असे तिने विचारले आणि मी हो म्हटले. मग ती बराच वेळ बोलली नाही, आणि मीही फोन ठेवला नाही.