स्पाल्टेड मेपलच्या फळीत मऊ जागा आहेत, डबीच्या झाकणाला चालेल का?

लाकूडवेडा: स्पाल्टेड मेपलची, म्हणजे बुरशी लागून काळ्या रेषा उठलेल्या मेपल लाकडाची, 12 × 5 इंच, 1 इंच जाडीची फळी आहे. काळ्या रेषा सुरेख आहेत, पण दोन ठिकाणी नख रुततं. रंधा मारला की तिथेच ढलप्या उपटतात. कोपऱ्यावर जवसाचं तेल लावून पाहिलं तर मऊ भाग काळपट झाला. फळी वाचेल का? आणि पुण्यात मिळणाऱ्या लाकडात अशा रेषा येतात का?

कातारी: झाकणाला चालेल. पाय, मूठ, खाचेत बसणारा सांधा असा जोर येणारा भाग यातून काढू नका.

दोन बुरशी समोरासमोर आल्या की शेताला बांध घालावा तशी हद्द आखतात, ती काळी रेषा. रेषा कडकच असते. तिच्या शेजारचा पांढुरका भाग मात्र बुरशीने खाल्लेला असतो, दगा तिथे. बोटाच्या पेराने फळीभर ठोका: टणक आवाज येतो तिथे लाकूड शाबूत, बद्द येतो तिथे पोकळ. बद्द भागाभोवती पेन्सिलने खूण करा.

आधी मेण काढलेल्या लाखेचा पातळ हात पूर्ण फळीवर द्या, नाहीतर गोंदाचे डाग कायमचे दिसतात. मग खुणेच्या जागी पातळ सायनोॲक्रिलेट (फेविक्विकच्या जातीचा, पाण्यासारखा) थेंब थेंब मुरवा. शोषणं थांबेपर्यंत द्या आणि रात्रभर ठेवा. लवकर सुकवणारा स्प्रे मारलात तर फेस येऊन पांढरट डाग पडतात. खिडकी उघडी ठेवा, वाफ डोळ्यांना झोंबते.

सुतारपक्षी: रंध्याचं पातं ताजं परजून घ्या, वरची पट्टी धारेच्या अगदी जवळ आणा, रंधा तिरका धरून केसाएवढीच साल काढा. पॉलिश पेपर सपाट लाकडी ठोकळ्यावर गुंडाळूनच वापरा, आधी 120 नंबर, मग 180, मग 240. नुसत्या हाताने घासलंत तर मऊ भाग आधी झिजून खळगा पडतो आणि तो पॉलिशनंतर ठसठशीत दिसतो. तेल शेवटीसुद्धा नको. लाखेचे दोन-तीन पातळ हात द्या, म्हणजे रंग सारखा राहतो. एन95 मास्क लावा, दम्याचा त्रास असेल तर घासण्याचं काम दुसऱ्याकडे द्या.

कातारी: पुण्यात आंबा घ्या. फिकट लाकूड आहे, रेषा छान उठतात. सागाच्या गाभ्याच्या नादी लागू नका, तो बुरशीला दाद देत नाही. रेषा घरीच उठवायच्या तर जूनमध्ये ताजा तोडलेला फूटभर ओंडका, मूठभर कुजका पाचोळा, दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड सैल. सावलीत ठेवा. पाणी साचू देऊ नका, हवा नसेल तर बुरशी वाढत नाही. महिन्याने टोकाची चकती कापून पाहा, मग दर पंधरा दिवसांनी. रेषा दिसल्या आणि नख रुतत नाही, तीच वेळ.

लाकूडवेडा: आणि मग बुरशी थांबवायची कशी?

कातारी: वाळवून. फळ्या कापा, टोकांना ऑइलपेंट फासा, मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचा. ओल 20 टक्क्यांखाली गेली की बुरशी थांबते. डबीसाठी मात्र मीटरवर 12 किंवा कमी यायला हवी. आंब्याला भुंगा हमखास लागतो, म्हणून कापल्याबरोबर बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात बुडवूनच वाळत घाला.